सातवं चाटण

३ जून

पोचले एकदाची! पाठीवर बावीस किलोचं ओझं, एका बुटात पाणी, नाक उन्हाने सोललेलं, तरी हसू काही आवरत नाहीये. बारा वर्षं किनाऱ्यावर खारवणीच्या कारखान्यात कॉड माशांवर मीठ चोळत काढली. अंगात मीठ इतकं मुरलं की घरी मी जेवणात त्याचा कणही घालत नाही. माझं लग्न त्यामुळेच अळणी झालं, असं आई म्हणते. असो. आता ऑक्टोबरअखेरपर्यंत मी, योरुन, ग्रोव्हिडा पठाराची राखणदार. एक लाकडी खोली, एक चूल, एक वायरलेस, एक रायफल आणि ही वही.

खोली हाल्वोर आणि सुनिव्हाची. पूर्वी त्यांच्या घरच्या बायका उन्हाळ्यात गुरं घेऊन इथे राहायच्या. गेले तीन उन्हाळे नवरा-बायको दोघंच येऊन राहिली, पण यंदा सुनिव्हाला चढण झेपणार नाही, म्हणून खोली वन्यजीव खात्याला वापरायला दिली. सकाळी खाली दरीत त्यांच्याकडे जेवूनच निघाले. आंबट सायीची लापशी, ट्राउट, आणि पातळ कुरकुरीत भाकऱ्यांचा हा एवढा ढीग. हाल्वोर चौऱ्याहत्तरचा, शिडशिडीत, जिभेला हाड नाही. मला बघताच म्हणाला, "काय गं मासळीवाले, समुद्र आटला की काय तुमचा?" मी ताटात मीठ नको म्हटल्यावर तर त्याला चेष्टेला कुरणच मिळालं. सुनिव्हा मात्र गप्प. फार वाळलीय, मान सारखी खाली. जेवताना ती नऊ पेले पाणी प्यायली, मी मोजले. हाल्वोर मधूनमधून रुमालाने तिची हनुवटी टिपत होता. वय झालंय, म्हणाला. इतक्या मायेने टिपत होता की मला भरून आलं.

खोलीमागे झरा आहे. हाल्वोरच्या आजीच्या काळापासून तो कधी आटलेला नाही आणि अख्ख्या पठारावर असं पाणी मिळणार नाही, असं तो सांगत होता. खोटं नाही. गार, आणि किंचित काहीतरी चव आहे त्याला. ओंजळी भरभरून प्यायले.

५ जून

काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते. पुढे विसरले असं नको.

तीन हिवाळ्यांपूर्वी या पठारावरची रेनडिअर मारली. सगळी. एकोणीसशे. त्यांच्यात झिजणी शिरली होती. झिजणी लागलेलं जनावर खातंपितं तरी वाळत जातं, मान टाकतं, लाळ गाळतं, सारखं पाण्यावर जातं, माणसाला भीत नाही, आणि एकाच जागी गोल गोल चालत राहतं. औषध नाही. उकळून तो दोष मरत नाही, आणि लाळेतून मातीत उतरला की वर्षानुवर्षं टिकतो. एकोणीसशेंत आजारी निघाली सतरा. पण कुठली सतरा हे मेंदू कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून कळपच संपवायचा ठरला. आधी दरीतल्या शिकाऱ्यांना बोलावलं, उरलेली हेलिकॉप्टरमधून टिपली.

आता पठार पाच वर्षं रिकामं ठेवायचं. तीन झाली. आणखी दोन वर्षं काही आढळलं नाही तर निरोगी कळप आणून सोडणार. दक्षिणेला डांबरी रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे आठ हजार रेनडिअर, सगळी ठणठणीत. तिकडचं इकडे यायचं नाही, इकडचं तिकडे जायचं नाही. गेलं, तर तिथेही आठ हजार गोळ्या. माझी वरिष्ठ ओशिल्ड खाली कचेरीत असते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं की बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, बये, रस्ता विसरू नकोस.

दुसरं काम चाटणांचं. मेंढ्यांसाठी मिठाचे दगड ठेवायच्या त्या जागा. तिथे हरणंही यायची, एका दगडाला शंभर जिभा, आणि झिजणी पसरली ती तिथूनच. नकाशावर अशी सहा चाटणं आहेत. दगड काढून, माती उकरून, वर खडी टाकून, भोवती तारेची जाळी ठोकली आहे. दर आठवड्याला सहाही बघायची. चुकार हरीण दिसलं तर गोळी, मग डोकं कापून डब्यात, डबा ओशिल्डकडे. लहानपणापासून बाबांबरोबर शिकार केलेली असल्यामुळे यातलं काही मला जड जाणार नाही.

१३ जून

सहाही चाटणं पाहून आले. चार दिवसांची चाल. जाळ्या शाबूत. सगळीकडे फिकं शेवाळ वाढलंय घोट्याएवढं. पूर्वी हरणं ते वाढू देत नसत. पठार फार सुंदर आहे आणि तिथे कोणी नाही. मला हवी होती तशीच शांतता. झोप छान लागते.

२३ जून

हाल्वोर दुपारी वर आला, पाठीवर लाकडं, खिशात घरची दारू. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, जाळ पेटवल्याशिवाय कसा जाईल? कॉफीत दारू ओतून बसलो. म्हातारा खुलला. पठारावर मुल्टेची फळं कुठे पिकतात ते विचारलं तर असा बघायला लागला की जणू मी त्याची विजारच मागितली. या दरीतली माणसं बायकोला पाप सांगतील, पण मुल्टेची जागा सांगणार नाहीत.

मग त्याने कळपाचं सांगितलं. चालताना रेनडिअरच्या घोट्यातली शीर हाडावरून घसरते आणि टक् असा आवाज होतो. दाट धुक्यात कळप त्या टकटकीवरच एकमेकांना धरून राहतो. एकोणीसशेंची टकटक म्हणजे पत्र्यावर गारा पडाव्यात तशी, म्हणाला. त्याने स्वतः एक्केचाळीस मारली. परक्यांच्या गोळीने लंगडत मरण्यापेक्षा आपल्या हातून नीट मरतील, म्हणून. शेवटची म्हातारी मादी पळालीच नाही, त्याच्याकडे बघत उभी राहिली. नवा कळप येईल तेव्हा तो शहात्तरचा असेल. तेवढं जगायचं त्याने ठरवलंय, मेंढ्याच्या चरबीवर हात ठेवून शपथ घेतलीय म्हणे.

निघताना म्हणाला, "मी म्हातारा कधी रस्ता ओलांडताना दिसलो तर मलाही घाल गोळी. फक्त डोकं डब्यात मावतंय का ते आधी बघ." मला इतकं हसू आलं की कॉफी नाकातून बाहेर आली.

२ जुलै

धुकं. सकाळचे दहा वाजले असतील. दारात बसून बटाटे सोलत होते. वरच्या अंगाने आवाज आला. टक्. मग टक् टक्. सावकाश, थांबत थांबत. मी रेनडिअरचा आवाज कधी ऐकलेला नाही, तरी अंगावर सर्रकन काटा आला.

रायफल घेऊन ओहोळाच्या काठाने वर चढले. पाव तास. आवाज थांबला. खुराचा ठसा नाही, लेंडी नाही, शेवाळ मात्र दाबलेलं. एका खोलगट जागी खुंटावर मिठाचा दगड बसवलेला. नवा, पांढरा. मधोमध गुळगुळीत खाच पडलेली, आणि खाच ओली होती.

नकाशा चारदा बघितला. सहाच आहेत. हे सातवं.

खात्याने दिलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा समोरच्या खडकावर बांधून आले. ओशिल्डला अजून काही बोलले नाही. आधी काय आहे ते कळू दे.

९ जुलै

कॅमेरा काढून आणला. अकरा फोटो. सगळे भर दिवसाचे.

सुनिव्हा आहे. घरातल्या झग्यावर, अनवाणी. हात आणि गुडघे टेकून, मान लांब करून दगड चाटते आहे. एका फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतेय. डोळ्यांत ओळख नाही, भीतीही नाही. चढण न झेपणारी बाई दरीतून दोन तास चढून येते आणि दोन तास उतरून जाते.

चूल पेटवली आणि तिच्यासमोर नुसती बसून राहिले. जेवले नाही.

१० जुलै

खाली गेले. फोटो हाल्वोरच्या पुढ्यात ठेवले. तो लहान मुलासारखा रडला.

चाटण त्याच्या आजोबांचं. शिकाऱ्याच्या घरचं चाटण बापाने मरताना मुलाला सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही. खात्याची माणसं नकाशा घेऊन आली तेव्हा त्याने सगळ्या गावाला ठाऊक असलेली सहा दाखवली. सातवं तोंडातून निघालंच नाही. खोटं बोलायचं असं ठरवलंही नव्हतं, म्हणाला, नुसती जीभ वळली नाही. त्यामुळे तिथली माती कोणी उकरली नाही. उलट दर वसंतात तो नवा दगड ठेवत आलाय. नवी हरणं आली की त्यांना वाट कोण दाखवणार? मीठ असलं की येतील.

सुनिव्हाला वर्षभरापासून असं होतंय. डॉक्टर म्हणतात म्हातारपणाचा विसर.

त्याने माझे हात धरले. "कळवलंस की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणखी पाच वर्षं. तेव्हा कुठला मी? एकदा ती टकटक ऐकू दे गं मला, मग खुशाल नाव घे माझं." मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो माझ्यासाठी अळणी लापशी वेगळी काढून ठेवणारा माणूस. मीठ न खाताही त्यांच्या मिठाला जागले. निदान ऑक्टोबरपर्यंत तरी गप्प राहीन असं कबूल केलं. दगड मात्र आजच पुरणार, असं बजावून आले.

येताना सातव्या चाटणावर गेले. दगड उपटला, खड्ड्यात घातला, वर धोंडे रचले. मग हात धुवायला वाकले आणि तेव्हा लक्षात आलं. ओहोळ त्या खोलगटातूनच निघतो. खाली येतो, आणि माझ्या झऱ्यात उतरतो.

मी पाच आठवडे ते पाणी पीत आहे. ती दोघं तीन उन्हाळे प्यायली.

१२ जुलै

आता तळ्याचं पाणी आणते, पाऊण तासावरून. वायरलेसवर ओशिल्डला सहज विचारल्यासारखं विचारलं की झिजणी माणसाला होते का. ती हसली. आजवर जगात एकालाही झालेली नाही, म्हणाली, काय गं, एकटीला भुतं दिसायला लागली का? मीही हसले.

ती "आजवर" म्हणाली.

२६ जुलै

ऊन फार आहे म्हणून तहान लागत असेल. तळ्यावर दोन खेपा होतात, कधी तीन.

आज लापशीत मीठ घातलं. बरं लागलं. पुन्हा घातलं. डोंगरावर माणसाचा घाम जातो, शरीराला हवं असतं. त्यात काही नाही.

८ ऑगस्ट

सुनिव्हा गेली. शेवटी शेवटी ती नुसती स्वयंपाकघरात गोल फिरत होती, भिंतीला खांदा घासत. डॉक्टरांनी कागदावर म्हातारपण लिहिलं. मेंदू बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं?

चर्चमध्ये ओशिल्ड माझ्या शेजारी बसली होती. माझ्या जिभेवर आलं होतं. हाल्वोरने शवपेटीवरून माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. मला माझीच लाज वाटते.

प्रेतयात्रेनंतरच्या जेवणात ओशिल्डने मिठाची वाटी माझ्यासमोरून उचलली आणि मला बोटं चाटताना बघून, मासळीवालीला शेवटी माणसांत आणलं म्हणायचं, असं म्हणाली. सगळे हसले. मी बोट वाटीत कधी घातलं ते मला आठवत नाही.

२१ ऑगस्ट

हाल्वोर राहायला आला. लाकडांच्या खोपटात झोपतो. घरात तिच्या चपला बघवत नाहीत म्हणतो. बडबड संपली त्याची. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत.

सातव्या चाटणावर गेले. पुरलेला दगड वर आलाय. धोंडे बाजूला. माती फावड्याने काढलेली नाही. हाल्वोरच्या नखांत माती होती. तो म्हणाला, मी नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं.

दगड पुन्हा पुरला. कॅमेरा पुन्हा बांधला.

३ सप्टेंबर

पहिलं बर्फ. हाल्वोर खोलीभोवती फिरतो. सकाळपासून दुपारपर्यंत. बर्फात वाट पडलीय, बरोबर गोल. मी आत बसून मोजते. चालताना त्याचे गुडघे वाजतात.

टक्. टक्.

कॉफी नेऊन दिली. पेला न घेता तसाच पुढे. मग थांबला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस? आली बघ." स्वतःच्याच पायांचा आवाज. चेहरा इतका आनंदी होता की मी हो म्हटलं.

११ सप्टेंबर

सकाळी वर्तुळ रिकामं. पावलं दक्षिणेला.

पळत गेले. रस्त्यापासून दोनशे पावलांवर गाठला. पलीकडच्या उतारावर कळप चरत होता, करड्या ठिपक्यांसारखा. तो त्यांच्याकडे चालला होता, मान खाली, हनुवटीवरून लाळेची तार. हाका मारल्या. थांबला नाही.

रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत त्याची पाठ. त्यानेच सांगितलं होतं ना? आठ हजार. बोट घोड्यावर होतं.

नाही जमलं.

खिशात मीठ होतं. (असतं हल्ली.) तळहातावर घेऊन समोर गेले. तो थांबला. हात हुंगला. चाटला. मग मी मागे मागे चालत आले आणि तो मागोमाग, परत खोपटापर्यंत, सगळा वेळ माझा तळहात चाटत. जीभ लांब, कोमट. मी वाटभर रडत होते, आणि आत आल्यावर तोच हात मी

धुतला. तोच हात मी धुतला.

१६ सप्टेंबर

ओशिल्डला सगळं सांगितलं. सातवं चाटण, झरा, सुनिव्हा, हाल्वोर, मी. फार हलकं वाटतंय. ती म्हणाली, माणसं पाठवते. हे जुलैतच करायला हवं होतं.

२२ सप्टेंबर

माणसं आली नाहीत.

कॅमेरा आणला. हाल्वोर असणार माहीत होतं. हाल्वोर आहे. चार फोटोंत.

सात फोटोंत मी आहे.

तारखा — १२, १४, १५, १७ — मी त्या दिवशी तळ्यावर गेले होते. वहीत नाही पण मला माहीत आहे. तळ्यावर. फोटोत माझा लाल स्वेटर. हात-गुडघे टेकून. एकात हाल्वोर आणि मी, दगडाच्या दोन बाजूंना. कपाळं जवळजवळ टेकलेली.

नखांत माती आहे. आत्ता बघितली.

२७ सप्टेंबर

हाल्वोर दगडाजवळ सापडला. थंड. चेहरा शांत, तोंडात शेवाळ. धोंडे रचले त्याच्यावर. नियमाने डोकं — नाही. नाही. तो हाल्वोर आहे.

नऊ पेले. मी मोजले. मी मोजले ते माझे होते.

२९ सप्टेंबर — किंवा ३०

ओशिल्ड वायरलेसवर. रागावलेली. तेरा दिवस माझा पत्ता नाही म्हणे. मी म्हटलं, सगळं सांगितलं ना तुला, सोळा तारखेला? ती म्हणाली, योरुन, सोळाला तू म्हणालीस की सहाही चाटणं पाहिली, काही आढळलं नाही.

मी आत्ता सांगते म्हटलं. सांगायला तोंड उघडलं. शब्द — चव आली नुसती.

गुरुवारी हेलिकॉप्टर घेऊन येते म्हणाली. कुठे जाऊ नकोस. खोलीतच थांब.

थांबते. रस्ता विसरायचा नाही. बाकी सगळं चालेल.

सोमवार

पाय पलंगाला बांधला. कारखान्यातली गाठ, ओली झाली की सुटत नाही.

रायफल टेबलावर आहे. काढली होती. कशाला काढली होती? नियम काहीतरी होता. आजारी दिसलं की गोळी — हां. मलाच. रस्त्याआधी. भीती वाटली असती तर करता आलं असतं. वाटतच नाही.

मंगळवार

गाठ सोडलेली. चावून नाही. नीट, बोटांनी. माझीच बोटं.

खोलीभोवती वाट पडलीय. गोल. हाल्वोरच्या वाटेवरून, पण बर्फ कालचं आहे —

टक्.

घोट्यातून. माझ्या.

उद्या गुरुवार का? आज बुधवार. दगडाचा तुकडा फोडून आणलाय, मुठीत मावतो. एवढाच. थांबते. ओशिल्ड येईल.

बुधवार?

चालत होते. वही खिशात होती. पायाखाली काळं, सपाट. कोरडं. डांबर.

उभी आहे. मागे फिर. अलीकडे की पलीकडे — डांबर मागे आहे. मागे आहे.

टकटक

माझी नाही. खूप. पत्र्यावर गारा. हाल्वोर ऐक — ऐकलंस — आली —

धुक्यातून येताहेत. भीत का नाहीत? मी वाजते म्हणून. मला त्यांच्यातलीच समजताहेत. सगळ्यात पुढे पिल्लू, नाक ओलं. मुठीकडे बघतंय.

मूठ मिट. योरुन मूठ मिट. ओरड. आठ हजार —

उघडली. मी नाही उघडली. कोमट, खरखरीत, जीभ केवढीशी — दुसरंही आलं — हाकल त्यांना, हात मागे घे, हात